वस्तूचें धनीपण आणि कुलूप

बाजारांतून एखादी वस्तु योग्य मोल देऊन घरीं आणली म्हणजे ती आपली झाली, असें आपण निःशंकपणें समजतों. तांब्याची घागर घेतली तर तींत पाणी भरावें कीं धान्य, हें विचारावयास तांबट आपल्या दारीं येत नाहीं. परंतु अलीकडे अशा कांहीं वस्तु आपल्या घरांत शिरल्या आहेत कीं, त्यांचें मोल आपण देतों, त्या आपल्या कपाटांत राहतात, आणि तरीहि त्यांनीं काय करावें व काय करूं नये हें ठरविण्याचा अधिकार त्यांच्या निर्मात्याकडेच राहतो. अशा वस्तूचा खरा धनी कोण, हा प्रश्न मला गेल्या दिवाळींत यवत येथें एका पंधरा वर्षांच्या मुलानें घातला. प्रश्न खेळण्याविषयींचा होता. पण त्याचें उत्तर शोधतांना मला माझ्या स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत जावें लागलें, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

यवत हें पुणें-सोलापूर रस्त्यावरचें, दौंड तालुक्यांतील गांव. कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्या ह्या टापूंत माझ्या चुलतभावाची शेती आहे. त्याच्या मुलानें पुण्याच्या जुन्या बाजारांतून सोनी कंपनीचें ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ नांवाचें, हातांत धरून खेळावयाचें एक यंत्र विकत आणलें होतें. हें यंत्र जपानांत २००४ सालच्या डिसेंबरांत निघालें आणि २०१४ मध्यें कंपनीनें त्याचा पुरवठा थांबविला. कंपनीनें मान्य केलेल्या आज्ञावल्याच त्यावर चालाव्यात, अशी त्यांत योजना आहे. आज्ञावलीवर कंपनीची सांकेतिक मोहोर असते. ती जुळली नाहीं तर यंत्र ती चालविण्याचें साफ नाकारतें. जगभरच्या हौशी लोकांनीं हा बंदोबस्त चुकविण्याच्या वाटा २००५ पासूनच शोधून काढल्या, आणि आपण स्वतः रचलेल्या आज्ञावल्या त्यावर चालविल्या. अशा घरीं रचलेल्या आज्ञावलीस ते ‘होमब्रू’ म्हणतात.

आमच्या ह्या मुलानें आपल्या धाकट्या बहिणीसाठीं पाढ्यांचा खेळ रचला होता. त्यांत नुसते वीसपर्यंतचे पाढे नव्हते. आजोबांकडून ऐकलेली पावकी, निमकी आणि पाउणकीहि होती. यंत्राला देवनागरी ठाऊक नव्हती, म्हणून त्यानें एकेक अक्षर व एकेक अंक चौकटींच्या कागदावर ठिपक्यांनीं काढून मग यंत्रांत उतरविला होता. मला मोठें कौतुक वाटलें. पण त्याचे वडील म्हणाले, “कौतुक कसलें? कंपनीनें कुलूप घातलें, ह्यानें तें उघडलें. ही चोरीच नव्हे काय?” मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा. पैसे मोजून आणलेलें यंत्र माझें कीं कंपनीचें?”

मीं त्याच्या वडिलांस त्यांच्याच विहिरीकडे बोट दाखविलें. तिच्यावर एक जुनें डिझेल-इंजिन होतें. तें घेतलें पाणी उपसण्यासाठीं. पण पट्टा बदलून त्यावर कडबाकुट्टीहि चालविली जाई, आणि पट्टा कोणत्या कारखान्याचा आहे हें इंजिनानें कधीं विचारलें नाहीं. येथें कोणी असें म्हणेल कीं, इंजिनाची गोष्ट निराळी. खेळाचें यंत्र करणारा आपला बराचसा नफा यंत्रावर नव्हे तर खेळांवर मिळवितो. आणि कुलूप नसेल तर एका खेळाच्या हजार नकला होऊन, तो रचण्यांत ज्यांनीं वर्षें घालविलीं त्यांच्या तोंडचा घांस जाईल. हा आक्षेप पोकळ नाहीं. पण त्यानें सिद्ध काय होतें? दुसऱ्याच्या कृतीची नक्कल करूं नये, एवढेंच. स्वतःची कृति आपल्या यंत्रावर चालवूं नये, हें त्यांतून निघत नाहीं.

शेतकऱ्याच्या घरीं हा भेद समजावून सांगणें कठीण नव्हतें. आपल्याकडे २००१ साली पिकांच्या वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याअन्वयें शेतकऱ्यास आपल्या पिकांतलें बीं राखून ठेवतां येतें, पुन्हां पेरतां येतें, शेजाऱ्याशीं बदलतां येतें, विकतांहि येतें. मात्र संरक्षित वाणाचें बीं नांवाचा शिक्का मारलेल्या पिशवींतून विकतां येत नाहीं. घरचें बीं तुझें, दुसऱ्याचें नांव तुझें नव्हे, असा हा सरळ न्याय आहे.

ह्याच्या उलट न्याय पाहावयाचा असेल तर १९८९ साली निघालेल्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ ह्या यंत्राकडे पाहावें. तें सुरू होतांना खेळाच्या डबींतलें कंपनीच्या नांवाचें चित्र आपल्या पोटांतील चित्राशीं ताडून पाही, आणि तें जुळलें नाहीं तर तेथेंच थांबे. म्हणजे स्वतःचा खेळ चालवावयाचा तरी त्यावर कंपनीचें नांव घालणें भाग. आणि नांव घातलें कीं नांव चोरल्याचा आरोप तयार! सेगा नांवाच्या दुसऱ्या एका कंपनीनें अशीच युक्ति योजिली, तेव्हां १९९२ साली अमेरिकेंतील अपील-न्यायालयानें तिच्या विरुद्ध कौल दिला. आपला कायदाहि हेतूकडे पाहतो. लेखनाधिकाराच्या १९५७ च्या कायद्यांत २०१२ साली जें कलम घातलें गेलें, तें दुसऱ्याचा हक्क बुडविण्याच्या हेतूनें असा बंदोबस्त मोडणारास शिक्षा सांगतें. बहिणीला पाउणकी शिकविण्याचा हेतु त्यांत बसत नाहीं.

येथवर माझा विजय झाला होता आणि मी समाधानानें चहा घेत होतों. इतक्यांत यंत्र चाळतांना मला दुसऱ्या एका कप्प्यांत वीस-बावीस खेळ दिसले. ते त्यानें रचलेले नव्हते, विकतहि घेतलेले नव्हते. त्याच उघडलेल्या दारानें ते आंत आले होते. मीं त्याला चांगलेंच बोललों. तो खालीं मान घालून ऐकत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, “काका, तुमच्या कपाटांतलें तें पिवळ्या पुठ्ठ्याचें पुस्तक झेरॉक्सच आहे ना? मे महिन्यांत आलों होतों तेव्हां पाहिलें होतें.”

तें झेरॉक्सच होतें. पुस्तक दुकानांत मिळत होतें, मला परवडत होतें, आणि केवळ चार पैसे वांचावे म्हणून मीं तें उतरवून घेतलें होतें. पुस्तकाला कुलूप नसतें. म्हणून ग्रंथकाराचें आणि माझें नातें माझ्या शीलावरच अवलंबून होतें, आणि मीं तें राखलें नव्हतें.

मला वाटतें, ह्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. कुलूप माणसाला प्रामाणिक करीत नाहीं. तें त्याला फक्त असमर्थ करतें. ज्याला चोरी करतांच येत नाहीं, त्यानें ती केली नाहीं ह्यांत त्याचें पुण्य कोणतें? त्या मुलानें कुलूप काढलें तेव्हां यंत्राचें धनीपण त्याच्याकडे आलें. पण त्याबरोबरच जी राखण आजवर कुलूप करीत होतें, तीहि त्याच्याच शिरावर आली. धनीपणाचा हा दुसरा भाग आपण विसरतों. आणि तो लोक विसरतात म्हणूनच कुलपें घालणारास सबब मिळते.

मीं हें त्याला सांगितलें. त्यानें आणखी एक प्रश्न विचारला: “ह्यांतले कांहीं खेळ आतां कोणीच विकत नाहीं. त्यांचे पैसे मी कोणाला देऊं?” दुकान मिटलें म्हणून रचणाराचा हक्क मिटत नाहीं, एवढें मला सांगतां आलें, पण घेणाराचा दोष दोन्हीं ठिकाणीं सारखाच, असें मात्र मला म्हणवेना. ज्याला देणेंच स्वीकारावयास कोणी उरलें नाहीं, त्याचा न्याय जरा सबुरीनें केला पाहिजे.

माझ्या पुस्तकाला ती सबब नव्हती. पुण्यास परतल्यावर मीं तें दुकानांतून विकत आणलें. पिवळ्या पुठ्ठ्याची प्रत मात्र मीं टाकली नाहीं. दुसऱ्याच्या मुलास उपदेश करावयाची उबळ आली कीं ती दृष्टीस पडावी, एवढ्यासाठीं ती कपाटांत तशीच ठेवली आहे.