अजगराचा घांस

पाळलेल्या अजगरास उंदीर केवढा द्यावा, हा प्रश्न नीतिविचार म्हणून मांडला तर कांहीं वाचकांस हसूं येईल आणि कांहींस शिसारी येईल. तथापि आम्ही तो मुद्दामच मांडीत आहों. आफ्रिकेंतील बॉल पायथन नांवाचा लहानसा अजगर अलीकडे हौसेखातर आपल्या देशांतील शहरांतून पाळला जातो, आणि पुण्यांतल्या एखाद्या पूर्ण शाकाहारी घरांतहि तो मुलाच्या हट्टानें येऊं शकतो. तो आला म्हणजे लौकरच घरांतील मंडळींस त्याच्या पेटीपुढें उभें राहून ठरवावें लागतें कीं कोणता जीव, केवढा आणि कसा त्याच्यापुढें ठेवावयाचा. ज्या घरांत अंडेंहि शिजत नाहीं त्या घरावर ही वेळ आली, तर तिचें उत्तर नुसत्या प्राणिशास्त्रांत सांपडेल काय, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम प्राणिशास्त्र काय सांगतें तें पाहूं. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत व विरळ रानांत राहणारा हा बिनविषारी साप सामान्यतः 3 ते 5 फूट लांब होतो. भ्याला म्हणजे डोकें मध्यें घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून त्याचें हें नांव. लहान सस्तन प्राणी व पक्षी हेंच त्याचें अन्न. दूधभातावर तो जगूं शकत नाहीं. जाणते लोक एक ढोबळ नियम सांगतात: भक्ष्याची जाडी सापाच्या देहाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, त्याहून फार अधिक नसावी. वजनानें मोजावयाचें तर वाढत्या पिल्लास त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमच्या पिल्लास 10 ते 15 ग्रॅमचा उंदीर, आठवड्यांतून एकदां. पूर्ण वाढलेल्या सापाच्या बाबतींत हें प्रमाण बरेंच कमी करावें आणि दोन जेवणांतील अंतर वाढवावें. नाहीं तर त्याच्या अंगांत चरबी सांचते. भक्ष्य फार मोठें झालें, अगर गिळल्यानंतर साप थंडींत राहिला, तर तें न पचतां उलटून पडतें. पुण्याच्या पौषांतल्या रात्रीं पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हां पेटी उबदार ठेवण्याची सोय नसेल तर बरोबर मापाचा उंदीरहि त्यास बाधेल. ब्रह्मदेशी अजगरावरील जे प्रयोग 2005 सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत असें दिसलें कीं मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या स्नायूंचें वजन सुमारें 40 टक्क्यांनीं वाढतें. ज्याला घांस पचविण्यासाठीं काळीजसुद्धां मोठें करावें लागतें, त्याचें जेवण ही थट्टेची गोष्ट नव्हे.

हा नियम वाचतांना आम्हांस ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची आठवण होते. मध्यममार्ग म्हणजे दोन टोकांच्या मधला आंकडा नव्हे, हें पटविण्यासाठीं त्यानें अन्नाचेंच उदाहरण घेतलें आहे. दहा मापें अन्न फार आणि दोन मापें थोडें, म्हणून तालमीचा वस्ताद सर्वांस सरसकट सहा मापें खावयास सांगणार नाहीं. कारण तेवढें अन्न मायलोसारख्या मल्लास अपुरें आणि नवशिक्यास अति होईल. योग्य प्रमाण खाणाऱ्यावरून ठरतें, देणाऱ्यावरून नव्हे. हें साधें दिसणारें तत्त्व आपण घरोघर मोडीत असतों. पाहुण्याच्या पानांत आग्रहानें वाढलेली चौथी जिलबी पाहुण्याच्या भुकेची नसून यजमानाच्या हौसेची असते. नागपंचमीस नागापुढें दुधाची वाटी ठेवणाऱ्या माउलीचा भाव निर्मळ असतो. पण दूध हें सापाचें अन्नच नव्हे. आपणांस जें पवित्र तें ती त्याच्यापुढें ठेवते. अजगर पाळणाराहि असाच चुकतो. कौतुक दाटून आलें म्हणजे फार मोठा उंदीर देतो, किळस आली म्हणजे अंगठ्याएवढा देऊन मोकळा होतो. माया आणि किळस हीं दोन्ही आपलीं. सापाच्या देहाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

येथपर्यंत सापास न्याय मिळाला. पण जो ताटांत आहे त्याचें काय? 'योग्य मापाचा उंदीर' या शब्दांस सापाच्या बाजूनें अर्थ आहे; उंदराच्या बाजूनें कोणतेंच माप योग्य नाहीं. महाभारतांतील शिबि राजाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. शरण आलेल्या कपोतास राजानें अभय दिलें, तेव्हां ससाण्यानें आपल्या भुकेचें गाऱ्हाणें मांडलें. राजानें तें खोटें ठरविलें नाहीं. तराजू मागविला आणि कपोताच्या भाराचें मांस स्वतःच्या अंगांतून कापून देऊं लागला. या कथेचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, भक्षक आणि भक्ष्य यांच्या मध्यें जो उभा राहतो, त्यास तेथें फुकट उभें राहतां येत नाहीं.

रानांत हा व्यवहार दोघांचाच असतो. साप भुकेला असतो आणि उंदीर सावध असतो. सापाचा नेम चुकूं शकतो आणि उंदरास पळावयास बीळ असतें. तेथें क्रौर्य हा शब्द लागू पडत नाहीं. पेटींत बीळ नसतें. तेथें कोंडलेला जिवंत उंदीर जिवाच्या आकांतानें सापासच चावतो. म्हणून अनुभवी लोक आधींच मारलेला, गोठविलेला उंदीर ऊन पाण्यांत धरून कोमट करून देतात. यांत सापाचें रक्षण आहे, आणि उंदीर खरोखर क्षणांत मारला असेल तर त्याच्याहि यातना कमी आहेत. मापाचाहि येथें नैतिक उपयोग आहे: चिमुकले पांच देण्याऐवजीं बेताचा एक दिला तर चार जीव वांचतात. परंतु उंदीर गोठविलेला आणला म्हणून तो आपण मारविला नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. शाकाहारी घरांत मांजर असतें, तें आपली शिकार आपण शोधतें. अजगराच्या बाबतींत शिकारी आपणच, साप केवळ जेवणारा.

हा हिशेब थोडका नव्हे. पाळलेला बॉल पायथन 20 वर्षें आणि कधीं कधीं त्याहूनहि अधिक जगतो. दोन आठवड्यांस एक घांस धरला तरी 20 वर्षांत 500 हून अधिक जीव होतात. तेवढ्यांत हट्ट करणारा मुलगा शिक्षणासाठीं परदेशीं जातो, आणि उंदीर कोमट करण्याचें काम ज्या आईस त्याची शिसारी तिच्याच पदरीं येतें. तिनें किळसेनें घांस चुकविला तर एक बंदिवान जीव उपाशी राहतो. त्या उपासास अहिंसा हें नांव देतां येणार नाहीं.

कायद्यानें या प्रश्नाचा एक भाग आपल्यापुरता सोडविला आहे. देशी अजगर 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत असल्यामुळें हौसेखातर घरीं ठेवतांच येत नाहीं. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी 2022 ची सुधारणा आणि 2024 चे नियम यांनीं आवश्यक केली आहे. परंतु त्या नोंदणींत सापाचा जमाखर्च राहतो, उंदरांचा राहत नाहीं. तो पाळणाऱ्यानें स्वतःच ठेवावयाचा आहे. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, घांस केवढा द्यावा हें विचारण्यापूर्वीं, तो वीस वर्षें देण्याची आपली तयारी आहे काय, हें घरांतील सर्वांनीं एकत्र बसून विचारावें. तयारी असेल तर माप सापाच्या देहावरून घ्यावें, आणि उंदराचें मरण आपल्या नांवें लिहावें. नसेल तर कात्रजचें सर्पोद्यान 1986 पासून पुणेकरांच्या जवळच आहे. मुलाचा हात धरून तेथें जावें, आणि साप मनसोक्त पाहून घरीं परत यावें.