मधली गाडी

दसऱ्याच्या आधी आठ दिवस आमच्या घरात एका प्रश्नाने मुक्काम ठोकला होता. प्रश्न साधाच: गाडी कोणती घ्यायची? घाटकोपरात राहणाऱ्या माणसाला गाडी हवीच कशाला, असे कोणी विचारील. दाराशी लोकल आहे, २०१४ पासून मेट्रोही आहे. पण आईचे गुडघे आता स्टेशनचा जिना चढत नाहीत, आणि वर्षातून दोनदा तरी गावी जावेच लागते. म्हणून गाडी घ्यायची, एवढे ठरले.

दुकानात तीन गाड्या ओळीने उभ्या होत्या. लहान, मधली आणि मोठी. मी काही बोलायच्या आतच विक्रेता म्हणाला, "सर, मधली घ्या. ना फार मोठी, ना फार लहान. तुमच्यासारख्या फॅमिलीला बरोब्बर."

खरे सांगायचे तर मी सुखावलो. 'मधले' या शब्दावर आपला भारी जीव. आपण मध्यमवर्गीय, शाळेत असताना सर्वांत आवडता तास कोणता, तर मधली सुट्टी! अतिरेक टाळावा, ही शिकवण बुद्धाने दिली, गीतेनेही आहार-विहारात बेताने वागायला सांगितले. तेव्हा मधली गाडी घेणे हे थोडेसे पुण्यकर्मच आहे, असे वाटून मी तिचे माहितीपत्रक खिशात घातले.

रात्री ते उलगडले आणि एका आकड्यावर अडखळलो. वजन: साडेबाराशे किलो.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर होते. फियाट, आणि पुढे १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणू लागले, ती गाडी त्यांच्या हाताखालून जाई. स्वतःची गाडी त्यांना कधी जमली नाही, पण गाडीविषयी त्यांची मते पक्की होती. ते म्हणत, "वजन पेट्रोल पितं, आणि बिल माणसाला येतं." पद्मिनीचे वजन नऊशे किलोंच्या आसपास. त्या काळी 'मोठी गाडी' म्हणजे अँबेसेडर. मंत्री, कलेक्टर, वरातीतला नवरदेव यांनी बसायची. तिचे वजन अकराशेहून थोडे जास्त. म्हणजे माझ्या खिशातली मधली गाडी कालच्या मोठ्या गाडीपेक्षा जड होती! मग मधली कशाच्या मधली?

चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, ही अँबेसेडरपेक्षा ॲव्हरेज किती जास्त देते!"

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. इंजिने पुष्कळच सुधारली. पण त्या सुधारणेचे आपण काय केले? थोडे पेट्रोल वाचवले, आणि उरलेली बचत गाडीचे अंग वाढवण्यात घातली. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच बजावले होते की, यंत्र काटकसरी झाले म्हणून कोळसा कमी जळेल असे समजू नका. स्वस्त पडते म्हणून माणसे यंत्रे अधिक वापरतील. पगार वाढला की शिल्लक वाढेल असे प्रत्येक गृहस्थाला वाटते, आणि वाढतो तो फक्त खर्च. त्यातलाच हा प्रकार.

माझे शास्त्राचे शिक्षण शाळेपुरते, पण शाळेतला हिशेब येथे पुरतो. साडेबाराशे किलोंच्या गाडीत मी एकटा बसलो, तर एकूण ओझ्यात माझा वाटा विसावा. बाकीचे एकोणीस भाग गाडी स्वतःलाच वाहून नेते. मोकळ्या महामार्गावर हे तितकेसे जाणवत नाही. तेथे गाडीचे भांडण मुख्यतः हवेशी असते, आणि मोठ्या व मधल्या गाडीतला फरकही कमी होतो. पण आमच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर या! दर पन्नास पावलांवर थांबायचे, पुन्हा निघायचे. प्रत्येक वेळी एवढे वजन शून्यातून हलवायचे आणि लगेच ब्रेक दाबून ती सारी शक्ती उष्णता करून उडवून द्यायची. वजन पेट्रोल पिते ते येथे.

हा झाला पैशाचा हिशेब. दुसऱ्या हिशेबाने मात्र मला झोप येऊ दिली नाही. तो हिने मांडला. ती म्हणाली, "पेट्रोल राहू दे. उद्या समोरून कोणी येऊन धडकलं तर? जड गाडीत आपण वाचू. मुलाच्या जिवापुढे तुमचे किलो काय घेऊन बसलात?"

यावर आईबापाने काय उत्तर द्यावे? आणि ती चूक बोलत नव्हती. सोळाशे किलोंची गाडी आठशेच्या गाडीवर समोरून आदळली, तर हलक्या गाडीच्या वेगाला जो हिसका बसतो तो जड गाडीच्या दुप्पट असतो. गाडीची बांधणी कशी, पट्टा लावला होता का, यानेही फरक पडतो; पण हा नियम काही चुकत नाही. मात्र या नियमाला दुसरी बाजू आहे. जड गाडीला मिळणारी ही जादा सुरक्षितता आकाशातून पडत नाही. ती समोरच्या हलक्या गाडीच्या खात्यातून वजा होते. त्या गाडीतही कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो. मग त्याच्या बापाने काय करावे? त्याहून जड गाडी घ्यावी. मग मी त्याहून जड! अशा रीतीने सारा गाव जड होत जातो आणि शेवटी सुरक्षित कोणीच राहत नाही.

गंमत अशी की, कायदाही जडाच्या बाजूला थोडा झुकलेला आहे. आपल्या सरकारने २०१७-१८ पासून मोटार कंपन्यांवर इंधनाची मर्यादा घातली आणि २०२२-२३ पासून ती आणखी आवळली. हे चांगलेच झाले. पण ती मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते: ज्याच्या गाड्या जड, त्याला सूट अधिक. व्यवहारात याला कारणे असतील. पण वर्गात जास्त खाणाऱ्या मुलाला मी 'तुझी भूकच मोठी' म्हणून दुसऱ्याच्या डब्यातले देऊ लागलो, तर बाकीची मुले मला काय म्हणतील?

तेव्हा मला कळले ते एवढेच: मध्य हा दोन टोकांवरून मोजायचा नसतो. टोके दरवर्षी सरकतात आणि त्यांच्याबरोबर आपला 'संयम'ही सरकतो. शेजाऱ्यापेक्षा थोडे कमी घेणे म्हणजे बेताने वागणे नव्हे. बेत गरजेवरून मोजावा लागतो. पंढरीला निघालेला वारकरी पडशी भरताना दिंडीतल्या दुसऱ्याची पडशी बघत नाही. आपल्या खांद्याला आणि वाटेला काय हवे ते बघतो.

आमची गरज आईचे गुडघे ही होती. उंच बसायची सोय असलेली, पण अंगाने लहान, आठशेवर थोडे किलो भरणारी गाडी मिळाली. आई न वाकता बसली आणि म्हणाली, "पुरे की रे एवढी!" हिने होकार दिला, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. माझीही गेलेली नाही. हमरस्त्यावर एखादी धिप्पाड गाडी मागून अंगावर आली की छातीत धस्स होते. मी मुलाला धोक्यात घातले का, हा प्रश्न मी अजून मनातून काढू शकलेलो नाही.

परवा सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक स्कूटर उभी. पुढे बाप, मागे आई, मध्ये शाळेचे दप्तर घेतलेली मुलगी. मी गाडी जराशी सरकवली, तसे त्या बापाने दचकून माझ्याकडे पाहिले आणि स्कूटर आत ओढून घेतली. ती नजर माझ्या ओळखीची होती. त्याच्या हिशेबात मीच मोठी गाडी होतो.

मी ब्रेक दाबला आणि त्याला आधी जाऊ दिले.