शोक नसताना काळं

कुणी गेलेलं नसताना शोकाचे कपडे घालणं हा दुःखाचा अपमान आहे का? लाइपझिगच्या वेव्ह-गोटिक-ट्रेफेनमध्ये माझ्या डोक्यात हेच चालू होतं. १९९२पासून पेंटेकॉस्टच्या सुट्टीत भरणारा हा महोत्सव. ट्रामभर काळी लेस, टोपीवरून उतरलेल्या जाळ्या, पांढरेफटक चेहरे. (आपल्याकडे शोकाला पांढरं आणि काळं संक्रांतीला, तो भाग वेगळा.)

रात्री सिंथचा बास छातीत धडधडत होता. शेजारी साठीची एक बाई डोळे मिटून नाचत होती, रडतही होती. कुणी कारण विचारलं नाही, ‘सावर आता’ म्हटलं नाही. आपल्याकडे तेराव्यानंतर रडणाऱ्याला लोक टाळू लागतात. इथे दुःखाला पुरावा लागत नाही. मला तरी यात अपमान दिसत नाही. मात्र त्याच ट्राममध्ये कालच नवरा गेलेली एखादी बाई बसलेली असू शकते, आणि तिचं काळं वेगळं ओळखू येणार नाही.