ठेका धरणारे हात

जून १९६४मध्ये गायक फ्रँक सिनात्राने पियानोवादक काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रासोबत 'इट माइट ॲज वेल बी स्विंग' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. बिग बँडचा बहर तेव्हा केव्हाच ओसरला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत येऊन धडकले होते आणि तरुणांचे कान गिटारकडे लागले होते. अशा वेळी ट्रंपेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोनचा सगळा फौजफाटा घेऊन गायला उभे राहणे म्हणजे गेल्या काळाला कवटाळणे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. गाणारा मोकळा केव्हा होतो, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर मला दुसऱ्या फार थोड्या तबकड्यांत सापडले आहे.

'फ्लाय मी टू द मून' हे त्यातले पहिलेच गाणे घ्या. बार्ट हॉवर्डने ते १९५४मध्ये वॉल्ट्झच्या तीन मात्रांत बांधले होते. क्विन्सी जोन्स या एकतीस वर्षांच्या संयोजकाने ते चार मात्रांत आणले आणि गाण्याची चालच बदलली. झुलणारे गाणे चालू लागले. स्विंग या जॅझशैलीत एका मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत. पहिला जरा लांबतो, दुसरा आखडतो आणि त्या असमानतेतून पुढे ढकलणारा रेटा तयार होतो. सिनात्रा या रेट्यावर स्वार होत नाही. तो शब्द किंचित मागे ठेवतो, आता निसटला असे वाटेपर्यंत थांबतो आणि मग सहज येऊन मिळतो. तबलजीने ठेका भक्कम धरला की ख्यालगायक बोल मागेपुढे खेळवत समेवर येतो, तोच हा विश्वास. ओळ न तोडता लांबवर नेण्याचा दमसास सिनात्राने तरुणपणी टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये कमावला. डॉर्सी ट्रोम्बोन वाजवताना श्वास कुठे घेतो हे तो बारकाईने पाहत असे.

पण मागे राहायला आधी कोणीतरी जागेवर असावे लागते. बेसीच्या बँडमध्ये ते काम फ्रेडी ग्रीनचे. १९३७पासून हा माणूस ॲम्प्लिफायर न लावता साधी गिटार वाजवत होता. प्रत्येक आवर्तनात चार आघात, एकसारखे, कोरडे, क्षणात दाबून टाकलेले. एकट्याने पुढे येऊन वाजवणे जवळजवळ नाहीच. ट्रंपेट गरजू लागले की ती गिटार वेगळी ऐकू येत नाही. ढोल आणि बास यांच्या आवाजात ती मिसळून जाते, पण त्यांना बांधून ठेवते तीच. स्वतः बेसीही पियानोवर जिथे दुसरा दहा सुरांची आरास मांडेल तिथे दोन सूर टाकून हात उचलतो. सिनात्राला मिळालेली मोकळी जागा ही अशी इतरांनी राखलेली जागा आहे.

आणि ती राखणारे कोण होते? बेसीचा बँड प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा. ज्या जूनमध्ये हे ध्वनिमुद्रण चालले होते त्याच जूनच्या १० तारखेला अमेरिकी सिनेटने नागरी हक्क विधेयक रोखण्यासाठी चाललेला लांबलचक भाषणांचा अडथळा मोडून काढला. २ जुलैला त्या विधेयकाचा कायदा झाला. म्हणजे या वादकांना देशातल्या अनेक हॉटेलांत गिऱ्हाईक म्हणून बसण्याचा हक्क कायद्याने मिळण्याआधी ते स्टुडिओत बसून दुसऱ्याच्या स्वातंत्र्याला आधार देत होते. हे विसरून अल्बमच्या गोडव्याचे कौतुक करणे मला अपुरे वाटते.

ठेका धरणाऱ्याचे नाव मागे पडणे हे तिथलेच दुखणे नव्हे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या जॅझवादकांनी स्विंगचा हाच बाज आणला. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्रांच्या साथीला होते, पण घराघरांत पोचली ती संगीतकारांची आणि गायकांची नावे. वाद्यवृंदातल्या बहुतेकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर आलीच नाहीत.

म्हणून १९६६च्या 'सिनात्रा ॲट द सँड्स' या लास व्हेगासमधल्या मैफलीच्या अल्बममध्ये मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे बेसीचा बँड गायकाविना, एकट्याने वाजवतो. त्या काळात गर्दी जमत होती ती सिनात्राच्या नावावर, तरीही त्या तबकडीवरची काही मिनिटे पूर्णपणे बँडची आहेत, आणि ऑर्केस्ट्राचा सगळा जोर तिथे स्वतःसाठी उसळतो.