मनोऱ्याचा तोल आणि खेळाडूची बुद्धी

‘वर्ल्ड ऑफ गू’ या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संगणकीय खेळात टपोऱ्या डोळ्यांचे, चित्कारणारे चिकट गोळे एकमेकांना जोडून पूल किंवा मनोरा उभारायचा असतो आणि उरलेले गोळे त्यावरून चढून नळीच्या तोंडापर्यंत पोचतील अशी सोय करायची असते. काइल गॅबलर यांनी २००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील उपक्रमात केलेला एक छोटा खेळ हे त्याचे मूळ असून, एका व्यक्तीने सात दिवसांच्या आत एक खेळ रचावा, अशी त्या उपक्रमाची अट होती.

शब्दकोड्याचे उत्तर रचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. येथे मात्र रचनाकार दरी, अडथळे आणि गोळ्यांची संख्या ठरवून बाजूला होतो आणि निवाडा गुरुत्वाकर्षणावर सोपवतो. चौकोनी जोडणी भाराने कलते, त्रिकोणी जोडणी पुष्कळ टिकते, कारण तिन्ही बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरतात. हे तत्त्व कोणी न शिकवता मनोऱ्याच्या डोलण्यातून उमगते, आणि या उमगण्यातच खेळाची खरी गोडी आहे.

मुलांना लगोरी रचताना हाच निवाडा भेटतो. गुरुत्वमध्य, म्हणजे दगडाचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, आधाराबाहेर गेला की दगड कलंडतो. लगोरीत मागून येणाऱ्या चेंडूचा धाक असतो. पडद्यावर तो नसल्याने रचना का कोसळली याचा विचार करायला सवड मिळते.

पडद्यावरचा निसर्ग अर्थातच रचलेला असतो. ‘फिजिक्स इंजिन’ ही वस्तूंची गती आणि टक्कर यांचे गणित करणारी प्रणाली काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी स्थान व वेग अंदाजाने काढते, त्यामुळे गुरुत्व कमी किंवा घर्षण जास्त ठेवणे रचनाकाराच्या हाती असते. असे नियम कितीही चमत्कारिक असोत, ते सर्वांना सारखे लागू राहिले तर खेळाडू त्यांवर विश्वास टाकतो आणि रचनाकाराला न सुचलेली वाटही काढतो. ‘वर्ल्ड ऑफ गू’च्या एका भागात जादा वाचवलेल्या गोळ्यांचा मनोरा हवा तेवढा उंच रचता येतो, इतर खेळाडूंनी गाठलेली उंची तेथे ढगांच्या रूपाने दिसते, आणि सोडवायचे कोडे तेथे उरलेले नसतानाही माणसे मनोरा रचत राहतात.