एकच कपाट

सर्व काही एकाच दुकानात मिळावे, ही इच्छा आळसातून येते की आणखी कशातून? संगणकावरील खेळांचे शौकीन ‘स्टीम’ या दुकानाला जे चिकटून राहतात, ते पाहून हा प्रश्न पडतो. २००३ साली ते निघाले. पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’ खेळण्यासाठी त्याची सक्ती झाली, तेव्हा हेच लोक रुष्ट होते. २०१८ साली ‘एपिक’ने दुसरे दुकान थाटले आणि निर्मात्यांकडून साधारण ३० टक्क्यांऐवजी १२ टक्केच हिस्सा घेऊ केला. पण ‘मेट्रो एक्झोडस’ हा खेळ २०१९ च्या आरंभी वर्षभरासाठी तिकडे गेला, तेव्हा खेळणाऱ्यांचा संतापच उसळला.

हा संताप मी क्षुद्र मानीत नाही. आपला संग्रह एकाच कपाटात असावा, असे कोणाला वाटत नाही? परंतु ते कपाट आपले आहे काय? चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून आणलेली तबकडी मित्राला देता येई, मुलासाठी ठेवता येई. ‘स्टीम’वर पैसे मोजून मिळतो तो केवळ परवाना, खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. २०२४ पासून खरेदीच्या वेळी ते दुकान स्वतःच परवान्याची ही गोष्ट सांगते.

‘गॉग’ हे दुकान खेळाची बिनकुलपी प्रत ग्राहकाच्या हाती देते. मग तेथे का जात नाहीस, असे गिंडीतील आमच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याला मी विचारले. “तिथे माझे मित्र नाहीत, सर,” तो म्हणाला. मालकीचा प्रश्न त्याला कळला होता. त्याने तो गौण मानला, इतकेच.