हौसेचं माप

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपण दोन अर्थांनी वापरतो. कुणी पदरमोड करून काही केलं की कौतुकानं म्हणतो, हौस अमूल्य असते. आणि त्याच वेळी, जरासं हसून, असंही सुचवतो की या खर्चाचा हिशेब विचारू नका, यातून निष्पन्न काही व्हायचं नाहीये. शिकवणाऱ्या माणसाला या म्हणीतून तिसराही अर्थ काढता येतो आणि तो फार सोयीचा आहे: ज्याला मोल नाही, त्याला मापही नको.

प्रश्न सरळच मांडतो. चाळिशी ओलांडलेला एक माणूस हौस म्हणून वाद्य शिकायला येतो. तो कलाकार होणार नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि शिकवणाऱ्यालाही. त्याला ऐकायला कुणी तिकीट काढून येणार नाही. अशा माणसाचा सूर चुकला तर ते त्याला सांगायचं का? सांगायचं तर किती? की ‘छान’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचं? वरवर हा शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न दिसतो. मला तो नीतीचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात आपण समोरच्याला कोण समजतो हे उघडं पडतं.

मी आळंदीत देहू फाट्याजवळ एका खोलीत गिटार शिकवतो. या गावात संगीत शिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जोग महाराजांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली आणि आज गावात वारकरी विद्यार्थ्यांच्या लहानमोठ्या कितीतरी संस्था आहेत. माझ्या खिडकीतून पहाटेपासून पखवाज ऐकू येतो. दहा-बारा वर्षांची मुलं एकच बोल शंभर वेळा वाजवतात. हात चुकला की आतून आवाज येतो, ‘पुन्हा.’ त्या ‘पुन्हा’त राग नसतो, कौतुकही नसतं.

गावाच्या दुसऱ्या अंगाला चाकण आहे. तिथले कारखाने, तीन पाळ्या, बसच्या रांगा आणि नाशिक महामार्गावरची वाहनांची कोंडी. माझ्याकडे येणारे बरेचसे प्रौढ विद्यार्थी तिकडूनच येतात. त्यांतल्या एकाबद्दल मी लिहितो आहे. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात आहेत. मूळचे खेड तालुक्यातले. लहानपण गावातल्या भजनात गेलेलं. कॉलेजात मित्राच्या खोलीवर ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकलं आणि शेवटची दोन मिनिटं, डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी एकमेकींना उत्तरं देतात तो भाग, त्यांच्या डोक्यात घर करून बसला. संसार मार्गी लागल्यावर त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. कॉर्ड धरून गाण्याला साथ करणं त्यांना येत होतं. त्यांना लीड वाजवायचं होतं, म्हणजे एकेका स्वरानं गिटार बोलती करायची होती.

लीड वाजवण्याचा कस लागतो तो तार ओढण्यात. इंग्रजीत त्याला बेंड म्हणतात. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावरच बाजूला ओढतात, तसंच हे. तिसऱ्या तारेवर सातव्या पट्टीवर बोट ठेवलं तर सुमारे २९४ हर्ट्‌झचा स्वर येतो. बोट न हलवता तार वर ढकलत तो नवव्या पट्टीच्या स्वरापर्यंत, म्हणजे सुमारे ३३० पर्यंत न्यायचा. सा वरून रे वर जावं तसं. त्यासाठी तारेवरचा ताण जवळपास सव्वापट करावा लागतो. अनामिकेनं एकटीनं हे होत नाही. मागची दोन बोटं तिच्या मदतीला लावायची आणि जोर बोटांनी नाही, तर किल्ली फिरवावी तसं मनगट वळवून लावायचा. शिवाय शेजारच्या तारा उजव्या तळहातानं आणि डाव्या तर्जनीच्या टोकानं गप्प ठेवायच्या, नाहीतर त्याही कुरकुरतात.

आमच्या या गृहस्थांची तार ३२०च्या आसपास थांबायची. रे लागायच्या आधीच दमायची. फरक पाव स्वराएवढा, अर्ध्या पट्टीचा. घरच्यांना तो कळत नव्हता. कंपनीच्या स्नेहसंमेलनात त्यांनी वाजवलं तेव्हा टाळ्या पडल्या, मोबाईलवर चित्रीकरणही झालं. ते त्यांनी मला कौतुकानं दाखवलं.

आता इथे ‘छान’ म्हणण्याच्या बाजूनं जे बोलता येईल ते नीट ऐकायला हवं, कारण ती बाजू लंगडी नाही. पहिलं म्हणजे, यानं कुणाचं काही बिघडत नाही. ब्रेकचा सदोष भाग तपासणीतून सुटला तर माणूस मरेल. पाव स्वर कमी लागला तर कोण मरतंय? दुसरं, हा माणूस आनंदासाठी येतो. आठवडाभर वरिष्ठ त्याच्या चुका काढतात. इथेही तेच करायचं? तिसरं, तो प्रौढ आहे. आपल्या फावल्या वेळाचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचा. आणि चौथं कारण आपल्या भाषेत दडलेलं आहे. पखवाजाच्या वर्गातल्या पोराला ‘तुझं चुकलं’ म्हणणं सोपं. ‘तुमचं चुकलं’ म्हणताना जीभ अडखळते. अहोजाहो करायला लागलो की आदर राखण्याचं एक ओझं येतं, आणि आदर राखणं म्हणजे चूक न काढणं, असं आपण लहानपणापासून शिकलेलो असतो.

या चौथ्या कारणापासूनच सुरुवात करतो. आपण ज्याला अहोजाहो करतो त्याला खरं सांगितलेलं पेलतं, हेच त्या अहोजाहोत गृहीत नको का? खरं पेलणार नाही म्हणून लपवतो ते लहान मुलापासून किंवा आजाऱ्यापासून. तिसरं एक माणूस असतं ज्याच्यापुढे आपण सत्याला मुरड घालतो: गिऱ्हाईक. फी भरणारा टिकून राहावा म्हणून म्हटलेलं ‘छान’ हे दुकानदाराचं ‘तुम्हाला हा रंग शोभून दिसतो’च्या जातीचं असतं. ‘तुम्ही’ तसंच राहतं, त्यातला आदर निघून जातो.

आनंदाचं कारण जास्त वजनदार आहे. पण हा आनंद कशाचा? गिटार गळ्यात घालून उभं राहण्याचा असेल तर तो पहिल्याच दिवशी मिळाला. या माणसाला वीस वर्षं ज्यानं झपाटलं होतं, ते म्हणजे ओढलेली तार नेमकी स्वरावर पोहोचते तो क्षण. तार पोहोचलीच नाही तर तो आनंद त्याला मिळालेलाच नाही. मिळालाय असं आपण त्याला सांगतो आहोत, इतकंच. आंबा खायला आलेल्या माणसाला कैरी देऊन ‘गोड आहे ना?’ विचारण्यासारखं हे आहे. त्याला अंतर कळत नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण भजनात वाढलेला कान होता तो. मी त्यांना गिटार खाली ठेवून तो स्वर नुसता गायला सांगितला. तो त्यांनी अचूक लावला. मग स्वतःच वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘कमी पडतंय की हो.’ कान पुढे होता आणि बोट मागे. मधलं अंतर टाळ्यांनी झाकलं होतं.

भजनाचा विषय निघालाच आहे तर एक अडचणीचं उदाहरण घेतो. ज्येष्ठात माउलींची पालखी निघते तेव्हा दिंडीत कुणीही गातं. बेसूर गाणाऱ्याला कुणी थांबवत नाही आणि थांबवू नये. मग हौशी गिटारवाल्यावरच ही सक्ती का? पण दिंडीत नीट पाहिलं तर तिथेही माप आहे. सूर हलला तर चालतो, टाळ हलला तर शेजारचा लगेच वळून पाहतो. कारण सूर शंभर गळ्यांत मिसळून जातो, पण चुकीच्या वेळी पडलेला टाळ सगळ्यांची पावलं चुकवतो. म्हणजे माप कामावरून ठरतं, माणूस हौशी की धंदेवाईक यावरून नाही. लीड वाजवणाऱ्याचं काम मेळ्यातून पुढे येऊन एकट्यानं बोलण्याचं. तिथे त्याचा स्वर झाकायला दुसरा गळा नसतो.

एवढं मान्य केलं की उलट बाजूचा मोह सुरू होतो, आणि तोही खोटाच असतो. माप ठेवायचं म्हणजे कडक व्हायचं, असं शिकवणाऱ्याला वाटू लागतं. गुरूंनी शिष्याला कसं वर्षभर एकाच पलट्यावर ठेवलं, कसं रडवलं, या गोष्टी आपण भक्तिभावानं सांगतो. पण तो शिष्य बहुधा कोवळ्या वयाचा असतो, दिवसाचे आठ तास त्याचेच असतात, आणि त्याचा चरितार्थ त्यावर चालायचा असतो. दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री घरी येणाऱ्या माणसाकडे दिवसातली वीस मिनिटं असतात. त्याच्याकडून आठ तासांची अपेक्षा ठेवून त्याला खजील करणं यात कलेवरची निष्ठा कमी आणि आपली ऐट जास्त.

यातून वाट त्यांनीच दाखवली, ती त्यांच्या धंद्यातून आली. त्यांच्याकडे भोक बरोबर आहे की नाही हे पाहायला गो-नो-गो गेज असतं. एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. मी विचारलं, नवशिका कामगार असेल तर गेज सैल करता का? ते हसले. ‘गेज कसं बदलणार? ड्रॉइंग तेच असतं. नवीन माणसाला सोपा पार्ट देतो, कमी नग देतो.’ मी जे इतके दिवस चाचपडत शब्दांत मांडू पाहत होतो ते यात होतं. काम कमी करावं, माप कमी करू नये. पुन्हा, ड्रॉइंगवर टॉलरन्सही दिलेला असतो. शून्य फरक कुणीच मागत नाही, यंत्रही देत नाही. कानालाही थोडा फरक चालतो. थोर वादकांची तारही काट्यावर तोलून येत नाही. तेव्हा माप म्हणजे परिपूर्णतेचा अट्टाहास नव्हे. कुठवर चालेल आणि कुठून पुढे चालणार नाही, याचा दोघांनी मान्य केलेला खुलासा म्हणजे माप.

मग आम्ही काम कमी केलं. आधी नववी पट्टी वाजवायची, तो स्वर गायचा, मग सातवीवरून ओढत तिथवर जायचं. दिवसाला दहाच वेळा. मेट्रोनोम साठवर. लागला नाही तर त्यांच्याच भाषेत ‘रिजेक्ट’. हा शब्द आम्हा दोघांना सोपा गेला, कारण तो नगाला लागतो, माणसाला नाही.

ज्ञानेश्वरांच्या गावात राहून गीतेचा बारावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे एक उतरती शिडी आहे. चित्त माझ्या ठायी ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तोही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही होत नसेल तर फळाची आशा सोड. दर पायरीला सवलत आहे. पण खालच्या पायरीला वरचं नाव दिलेलं नाही. ‘तुला जमत नाही तरी जमलं असं समजू’ असं कुठेच म्हटलेलं नाही. हौशी शिकवणीची नीती मला तिथे दिसते: पायरी खाली आणावी, नाव बदलू नये. आणि फळाची आशा म्हणाल तर हौशी माणसाला पैसा मिळायचा नसतो, नावही नाही. त्याला मिळू शकणारं एकमेव फळ म्हणजे आमचं ‘छान’. तेच त्याच्या वाजवण्याचं कारण होऊन बसलं तर हौसही चाकरीच होते.

एक कठीण प्रश्न उरतोच. सात-आठ महिन्यांनी त्यांनी विचारला: ‘सर, ते सगळं सोलो मला कधी येईल का?’ दिवसाला वीस मिनिटांच्या हिशेबानं शेवटचा भाग, जिथे दोन्ही गिटारी जोडीनं धावतात, तो मूळ गतीत येणं मला नजीकच्या वर्षांत दिसत नव्हतं. मी तसं सांगितलं. सुरुवातीचे काही बार सुरात येतील, हेही सांगितलं. दोन्ही खरं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. गिटार पिशवीत घातली. पुढच्या आठवड्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पाळी बदलली होती की मन, मला माहीत नव्हतं. पण आले नसते तरी मला माझं उत्तर वेगळं द्यावंसं वाटलं नसतं. खोट्या आशेवर एखाद्याला धरून ठेवणं म्हणजे त्याचा वेळ चोरणं. आणि त्याच्याकडे वेळच तर कमी होता.

तिसऱ्या आठवड्यात आले. दहाऐवजी वीस वेळा ओढून आले होते. त्यातले किती पास, किती रिजेक्ट, हे कागदावर लिहून आणलं होतं. पास अकरा. मी ऐकलं आणि मला दहाच वाटले, एकावर आमचा वाद झाला. पुन्हा वाजवून पाहिलं. त्यांचंच बरोबर निघालं.

शिकवणाऱ्याला याहून जास्त काही मागता येत नाही. माप माझ्या कानात असेपर्यंत ते येत राहतील किंवा येणार नाहीत, टाळ्या मिळतील किंवा मिळणार नाहीत. ते एकदा त्यांच्या कानात गेलं की पाळीहून आल्यावर, घर झोपलेलं असताना, अ‍ॅम्प्लिफायर न लावता वाजवलेल्या एका तारेलाही ते स्वतः ‘आता लागला’ म्हणू शकतात. तेव्हा ते ऐकायला मी तिथे असायची गरज नाही.